भाई तारूसिंगांचा चेहरा

चोपन्न साली अंबरनाथमध्ये माझ्याइतका गर्विष्ठ माणूस दुसरा नव्हता. आज म्हातारपणी मी हे मोकळ्या मनानं सांगतो, पण तेव्हा कुणी तोंडावर म्हटलं असतं तर ब्रश फेकून मारला असता. श्रीपाद पेंटर म्हणजे मीच. शंकराच्या देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझं पत्र्याचं दुकान होतं. नाटकाचे पडदे रंगवणाऱ्या एका उस्तादाकडे सहा वर्षं काढलेली, त्यामुळे युद्ध, वध, द्रौपदी, रक्त, आसवं या बाबतीत आपला हात कुणी धरणार नाही अशी माझी पक्की खात्री. पोट मात्र भरत होतं निर्वासितांच्या कॅम्पातल्या सिंध्यांच्या पाट्यांवर. उल्हासनगर हे नाव तेव्हा कागदावर आलं होतं, तोंडात कॅम्पच होता. सिंधी अक्षरं मला वाचता येत नसत, बघून बघून काढायचो, आणि गिऱ्हाईक म्हणायचं, पेंटर, तू तर आमच्या शिकारपूरचा दिसतोस.

अशा माझ्या दुकानात एका सकाळी बसंतकौर आली. पांढरी ओढणी, उंच अंग, पायात पुरुषी जोडे. नवरा वरयामसिंग इथल्या कारखान्यात लेथवर होता, बिऱ्हाड कॅम्पातल्या बराकीत. ती हिंदीत बोलायची, मधूनच पंजाबीत घसरायची. मला उमगलं तसं मी इथं मराठीत लिहितोय.

"घरासाठी तसबीर पाहिजे," ती म्हणाली. "भाई तारूसिंगांची."

मी कधी ऐकलंही नव्हतं हे नाव. पण 'माहीत नाही' म्हणायची सवय नव्हती, म्हणून मी मान हलवली. तिनं ओळखलं असावं. स्टुलावर बसली आणि सगळं सांगितलं. दोनशे वर्षांपूर्वीचा एक साधा शेतकरी. जंगलात लपलेल्या शिखांना आपल्या शेतातलं अन्न पोचवायचा. कुणीतरी चहाडी केली आणि त्याला लाहोरला नेलं. सुभेदार म्हणाला, केस काप, तुला सोडतो. हा म्हणाला, डोकं न्या, केस देणार नाही. तेव्हा चांभाराच्या रापीनं त्याच्या डोक्याची कातडी केसांसकट सोलून काढली.

"आमच्या गावच्या घरात होती ती तसबीर," ती म्हणाली. "रावळपिंडीकडे. भिंतीवरच राहिली. माझी जीतो आता दहा वर्षांची झाली. बराकीत सगळ्यांच्या भिंतीवर कोणी ना कोणी आहे. आमच्या भिंतीवर नुसता खिळा आहे. आपण कोणाची माणसं, हे पोरीला कळायचं कसं?"

मी म्हटलं, "बीबीजी, निर्धास्त राहा. बघणाऱ्याच्या अंगावर काटा येईल असं चित्र देतो."

आणि दिलंच. आठ दिवस मी दुसऱ्या कामाला हात लावला नाही. तारूसिंगाचे डोळे बाहेर आलेले, दात आवळलेले, मानेच्या शिरा तटतटलेल्या, गालावरून रक्ताचे ओघळ, मागं दाढीवाला मारेकरी, हातात रापी. माझी बायको कुंदा चहा घेऊन दुकानात आली, तिनं एकदा बघितलं आणि कप तिथंच ठेवून म्हणाली, "अहो, हे घरात लावणार? जेवताना समोर?"

"तुला कलेतलं काय कळतं," मी म्हणालो.

रविवारी बसंतकौर आली, बरोबर जीतो. पोरीनं चित्राकडे बघितलं आणि आईच्या ओढणीत तोंड खुपसलं. मला तर हीच पावती वाटली. बसंतकौरनं मात्र चित्र वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग तिनं बोट केलं ते कपाळाकडे.

"हे काय?"

बघतो तर कुंकवाचा टिळा! आयुष्यभर वीरपुरुष काढले की शेवटी टिळा लावायचा, हात सवयीनं गेला होता. मी घाईघाईनं चिंधी टर्पेंटाइनमध्ये बुडवली. मागं कुंदा फिसकन हसली.

"टिळा पुसला जाईल," बसंतकौर म्हणाली. "पण पेंटरजी, हा माणूस मारला जातोय. मी देणाऱ्या माणसाची तसबीर सांगितली होती."

"देणाऱ्याची म्हणजे? बीबीजी, कातडी सोलतायत त्याची! दुखणार नाही?"

"दुखलंच असेल," ती म्हणाली. "पण ते दुसऱ्याला बघायला नसतं ठेवलेलं. आमच्याकडे शहीदाचा चेहरा असा असतो, की पोर झोपेतून उठून घाबरलं तर त्याच्याकडे बघून परत झोपेल."

ती निघून गेली. मी दिवसभर धुसफुसलो. गाढवाला गुळाची चव काय असं गिऱ्हाइकाबद्दल म्हणायची सोय नसते, तरी मी म्हणून घेतलं. संध्याकाळी राग उतरला आणि कळलं, ही बाई खरं बोलली आणि मला ते येत नाही. डोक्यावर रापी चालतेय आणि चेहरा शांत. मी दहा वेळा पुसला आणि दहा वेळा काढला. शांत काढला की झोपलेला दिसे. हसरा काढला की खुळा दिसे. वालधुनी नदीच्या काठी शंकराच्या देवळात जाऊन दगडी मूर्तींचे चेहरे न्याहाळत बसलो. ते शांत होते खरे, पण त्यांचं कोणी काही कापून घेत नव्हतं. इथंच घोडं पेंड खात होतं.

पुढच्या आठवड्यात एका दुपारी दुकानाच्या दारात अंधार झाला. पगडी चौकटीला टेकेल असा माणूस उभा होता. हाताला कारखान्यातल्या तेलाचा वास.

"मी वरयामसिंग," तो म्हणाला. "बसंतकौरचा घरवाला. ते काम थांबवा."

मला जरा हायसंच वाटलं. तोंडदेखलं विचारलं, "का बरं, सरदारजी?"

तो आत येऊन माझ्या चित्रासमोर उभा राहिला. चेहऱ्याच्या जागी मी पांढरा रंग फासून ठेवला होता. त्याकडे बघतच तो बोलला.

"ह्यांनी केस दिले नाहीत. मी दिले. सत्तेचाळीसच्या मार्चमध्ये, गाव पेटलं तेव्हा. बायको आणि पोर घेऊन निघायचं होतं. स्वतःच्या हातानं कापले आणि निघालो. इथं आल्यावर गुरुद्वारात पंचांसमोर उभा राहून सगळं सांगितलं. त्यांनी सेवा दिली, वर्षभर गुरुद्वारात येणाऱ्या संगतीचे जोडे पुसायची. पुसले. पुन्हा अमृत देऊन शीख करून घेतलं मला. त्यांनी माफ केलं. पण सकाळी उठून ह्यांच्याकडे बघू कसा?"

मी असले प्रसंग पडद्यावर खूप रंगवले होते, पण माझ्यासमोर उभं राहून कोणी असं सांगितलं नव्हतं. मी म्हणालो, "बीबीजींना मनापासून हवीय तसबीर. पोरीसाठी."

"माहीत आहे." त्यानं मारेकऱ्याकडे बोट केलं. "मग एक करा. तसबीर करा. पण हा जो रापीवाला आहे ना मागं, त्याला माझा चेहरा द्या."

मला वाटलं आपण नीट ऐकलं नाही. "काय म्हणता?"

"माझा चेहरा. रोज दिसू दे मला. खोटं तरी होणार नाही त्यात." आणि तो स्टुलावर बसला, पाठ ताठ, हात मांडीवर. "काढा. माझी पाळी तीन वाजता आहे."

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. लोक माझ्याकडे येत ते नाक सरळ करा, रंग गोरा करा म्हणून. स्वतःला मारेकरी करा म्हणणारा माणूस मी पहिल्यांदा बघत होतो. कोळशानं त्याचा चेहरा कागदावर उतरवला. तो डोळेही मिटत नव्हता. झाल्यावर त्यानं कागद बघितला, ठीक आहे अशी मान हलवली आणि कामावर गेला. मी तो कागद टाचणीनं मारेकऱ्याच्या तोंडावर लावून ठेवला आणि दोन दिवस त्या चित्राकडे पाठ करून पाट्या रंगवल्या. कुंदाला सांगितलं तेव्हा तिनं पदराचं टोक तोंडाला लावलं. नंतर म्हणाली, "असं चित्र त्या बाईच्या घरात जाऊ देऊ नका. तुम्हाला पाप लागेल."

"मग काय करू?"

"ते मला काय विचारता? कला तुम्हाला कळते ना?"

तिसऱ्या दिवशी बसंतकौर चित्र कुठवर आलंय ते बघायला आली. मी कागद काढायला धावलो, पण तिची नजर आधी पोचली. रापीवाल्याच्या धडावर तिच्या नवऱ्याचं तोंड. ती ओरडेल असं वाटलं. ती जागेवरच खाली बसली, माझ्या रंगाच्या डब्यांच्या मध्ये, जमिनीवर.

"ते आले होते?"

"हो."

"काय म्हणाले? स्वतःच्या हातानं कापले म्हणाले?"

मी मान हलवली.

"खोटं आहे ते," ती म्हणाली. "मी कापले."

चहा घेऊन आलेल्या कुंदानं पाण्याचा तांब्या पुढं केला. ती प्यायली नाही, नुसता धरून बसली आणि सांगत राहिली. गावात आग लागली होती. शेजारच्या चिराग दीननं तिघांना आपल्या भुशाच्या कोठीत लपवलं. पहाटे बैलगाडीतून पोचवतो म्हणाला, पण डोक्यावर केस असतील तर नाक्यावर मी वाचवू शकणार नाही, असंही हात जोडून म्हणाला. वरयामसिंग म्हणाला, तुम्ही दोघी जा, मी राहतो. ती म्हणाली, मग तिघं राहू. जीतो तापानं फणफणलेली होती. कोठीत मेंढरांची लोकर कापायची कातर टांगलेली होती, ती हिनंच काढून आणली.

"त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि खाली बसले. एक शब्द बोलले नाहीत. मी मागून कापत होते. माझे दात वाजत होते, हात कापत होता, दोनदा कातर कातडीला लागली. आणि ते, पेंटरजी, ते जीतोशी खेळत होते."

"खेळत होते?"

"तिला मांडीवर घेतलं होतं. तिनं वर बघून घाबरू नये म्हणून तिची बोटं मोजत होते. केसांचे झुबके तिच्या अंगावर पडायचे, की ते फुंकर मारून उडवायचे. तिला गंमत वाटायची. तापात हसत होती ती. त्यांच्या कानामागून रक्त येत होतं आणि ते फुंकर मारत होते."

कुंदा रडत होती आणि मी तिला गप्प बस म्हणालो नाही, कारण माझंही तेच चाललं होतं.

"इथं गुरुद्वारात त्यांनी सांगितलं, मी स्वतः कापले. गुरूसमोर खोटं बोलले माझ्यासाठी. मी बायकांच्या बाजूला बसले होते. उठून सांगायला हवं होतं. नाही उठले. वर्षभर ते जोडे पुसत होते आणि मी बघत होते. तेव्हापासून मी त्यांच्या केसांना हात लावलेला नाही. आधी मीच विंचरायची, रोज. आता ते कोपऱ्यात तोंड करून स्वतः विंचरतात आणि मी चुलीकडे बघते." ती उठली आणि तिनं टाचणी काढून तो कागद माझ्या हातात दिला. "रापीवाल्याला त्यांचा चेहरा देऊ नका. द्यायचाच तर माझा हात द्या."

ती गेल्यावर मी कुंदाला घरी पाठवलं आणि दुकानाचं दार ओढून घेतलं. मला आता चेहरा दिसत होता. इतके दिवस मी तारूसिंगाला दुःखाकडे बघायला लावत होतो, नाहीतर देवाकडे. त्याला बघायला दुसरंच काहीतरी हवं होतं. मी पापण्या खाली उतरवल्या, पण मिटल्या नाहीत. नजर मांडीकडे नेली, तिथं काहीतरी लहान आणि जपण्यासारखं असावं तशी. ओठ जरासे गोल केले, फुंकर मारताना होतात तेवढेच. नाकडोळे मी वरयामसिंगचे घेतले नाहीत, शहीदाला कोणाही माणसाचे नाकडोळे देणं बरं नव्हे इतकी अक्कल मला तोवर आली होती. नजर तेवढी त्याची घेतली. रक्ताचा एकच बारीक ओघळ ठेवला, कानामागं. रापीवाल्याला पाठमोरा केला.

संपलं तेव्हा मी ब्रश खाली ठेवला आणि माझ्याच चित्रासमोर हात जोडले. असं मी आधी कधी केलं नव्हतं, नंतरही कधी केलं नाही. हे माझ्या हातून झालंय यावर माझा विश्वास बसेना.

रविवारी सकाळी तसबीर चादरीत गुंडाळून मी कॅम्पात गेलो. बराकीतली ती एक खोली, मध्ये गोणपाटाचा आडोसा, समोर भिंतीवर खिळा. वरयामसिंग घरीच होता. त्यानं हात धुतले, डोकं लववलं आणि स्वतःच तसबीर खिळ्याला लावली. मग मागं सरून बघू लागला. मला माहीत होतं तो आधी कुठं बघणार. तो रापीवाल्याकडे बघत होता.

"पाठ का केली त्याची?" त्यानं विचारलं. "माझा चेहरा कुठे आहे?"

"मला नाही जमलं, सरदारजी," मी म्हणालो. आयुष्यात हे वाक्य मी पहिल्यांदा उच्चारलं.

तो काहीतरी कडक बोलणार होता. तेवढ्यात त्याची नजर सरकली, तारूसिंगांच्या चेहऱ्यावर. आणि तो बघतच राहिला. जीतो त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली. या वेळी ती लपली नाही. मान वर करून तिनं सरळ त्या चेहऱ्याकडे बघितलं.

"भापाजी," ती बापाला म्हणाली, "हे खाली काय बघतायत? मांडीवर तर काहीच नाही."

वरयामसिंगनं हळूच वळून बायकोकडे बघितलं. ती गोणपाट मुठीत धरून उभी होती. सांगितलंस? असं त्यानं डोळ्यांनीच विचारलं. तिनं मान होकारार्थी हलवली.

"जीतो," बसंतकौर म्हणाली, "इकडे ये. तुझ्या भापाजींचे केस मी कापले होते. त्यांनी नाही. मी. तू मांडीवर होतीस."

"बसंत, गप्प," तो म्हणाला.

"सात वर्षं गप्प आहे. आज संध्याकाळी गुरुद्वारात उभी राहून सांगणार आहे. मला काय सेवा द्यायची ती देतील."

जीतो दोघांकडे आळीपाळीनं बघत होती. मग म्हणाली, "भापाजी, तुम्ही माझ्या गालावर फुंकर मारत होता का? अंधारात? मला ते आठवतं. मला वाटायचं मी स्वप्नात बघितलं."

तो एवढा मोठा माणूस जमिनीवर बसला आणि पोरीला जवळ ओढून कितीतरी वेळ तसाच राहिला. मी दाराकडे सरकलो. परक्यानं तिथं थांबणं बरं नव्हतं, पण माझे पाय उंबऱ्यावरच अडले, आणि माझ्याकडे त्यांच्यापैकी कोणाचं लक्षही नव्हतं.

वरयामसिंगनं दोन्ही हातांनी पगडी उतरवली आणि जीतोच्या ओंजळीत दिली. केसांची गाठ सोडली. केस खांद्याखाली पाठीवर आले. मग छोटा लाकडी कंगवा काढून त्यानं मागं न बघता हात मागं केला आणि तसाच धरून ठेवला.

बसंतकौर जागची हलेना. शेवटी ती त्याच्या मागं जाऊन बसली आणि तिनं कंगवा घेतला. पहिल्यांदा नुसता हात ठेवला डोक्यावर, जिथं कातर लागली असेल तिथं, कानामागं. मग विंचरायला लागली. तिचा हात इतका कापत होता की दुसऱ्याच फेऱ्याला कंगवा गुंत्यात अडकला आणि ओढला गेला.

"हळू," वरयामसिंग म्हणाला. "दुखतंय."